तान्हीचा पिलाय

आमच्या दवाखान्याच्या दारातून आत आलं की पहिलं टेबल माझं. बावीस वर्षं मी तिथे नर्स म्हणून बसते. पेशंटने तोंड उघडायचं, मी चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे आणि त्या दोन शब्दांवर तो कुठल्या खोलीत जाणार ते ठरायचं. लोकांना वाटतं दवाखाना डॉक्टर चालवतात. चालवू देत बापडे, पण आधी माझी चिठ्ठी.

मिंदोरो बेटाच्या आमच्या किनाऱ्यावर माणसं दुखण्याला जी नावं देतात ती मनिलाच्या कॉलेजात शिकवत नाहीत. त्यामुळे नवा डॉक्टर आला की पहिला महिनाभर नुसता भांबावलेला असतो. म्हातारा सांगतो, पाठीत थंडी बसलीय. डॉक्टर थर्मामीटर काढतो. अहो, थंडी म्हणजे स्नायूत धरलेली गाठ, ताप कसला बघताय! कोणी म्हणतं, कोयत्याने उगात तुटला. आता उगात म्हणजे रक्ताची शीरही, नसही, स्नायूला हाडाशी बांधणारा दोरही आणि झाडाचं मूळसुद्धा. तिथे शब्द सोडून द्यायचा, रक्त किती जातंय आणि बोट वाकतंय का ते बघायचं. हे सगळं मी एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. नव्या डॉक्टरांनी येता-जाता वाचावं म्हणून.

त्या कागदावर सगळ्यात जास्त जागा पिलायने खाल्ली होती. पाय मुरगळला, खांदा निखळला, हाड मोडलं, हाडाला चीर गेली, नुसता मुका मार लागला, मोठ्या माणसाचं यातलं काहीही असो, आमच्याकडे तो पिलाय. जन्माचा लंगडा असेल तर तोही पिलाय. पण तान्ह्या मुलाची आई जेव्हा पिलाय म्हणते तेव्हा तिला ताप आणि खोकला म्हणायचं असतं. मूल कुठेतरी आपटलं, आतलं काहीतरी हललं, त्यात वारा शिरला, म्हणून छाती भरली, अशी समजूत. मग त्याला तेल लावून चोळणाऱ्या बाईकडे न्यायचं. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका डॉक्टरने अशा एका मुलाचे हातापायांचे एक्स-रे काढायला लावले. हाडं ठणठणीत होती. मूल तिसऱ्या दिवशी न्यूमोनियाने गेलं. त्या आठवड्यात मी कागदावर लाल शाईने लिहिलं: तान्हं मूल आणि पिलाय, तर छाती ऐका. त्यानंतर त्या एका ओळीने बरीच मुलं वाचली. मला त्याचा गर्व होता. होता तर होता, कबूल करते.

ती आली तो बाजाराचा मंगळवार होता. सकाळी आठलाच रांग पायऱ्यांपर्यंत गेलेली. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, रिझालिन नाव सांगितलं, भूशिराच्या पलीकडच्या कोळीवाड्यातून पहिल्या होडीने आलेली. मुलगी पोटाशी कापडात बांधलेली होती.

"काय होतंय?" मी विचारलं.

"पिलाय झालाय मॅडम, माझ्या मुलीला."

"किती महिन्यांची?"

"दहा."

"ताप?"

"परवापासून. काल फार तापली."

"नाक वाहतंय?"

"थोडं वाहतंय. पण मॅडम, तिला पिलाय..."

"हो गं बाई, कळलं. एकदा सांगितलंस ना." तिचं बोलणं संपायच्या आत मी चिठ्ठी लिहून मोकळी झाले होते. ताप, खोकला. खोकल्याचं तिने नावसुद्धा काढलं नव्हतं. ते माझ्या हाताने आपणहून लिहिलं.

"आधी लोला इसिंगकडे नेलं होतं," ती म्हणाली. "तिने चोळलं नाही. म्हणाली, मी हात लावणार नाही, सरळ दवाखान्यात जा."

मी मोठ्याने हसले. "ऐकलंत का! इसिंगआजीला अक्कल आली म्हणायची. पंचाहत्तर वर्षं लागली, पण आली." रांगेतले दोघेचौघे हसले. रिझालिनही हसली, घाबरलेली माणसं मोठ्यांबरोबर हसतात तशी.

लोला म्हणजे आजी; ही इसिंग बाजारामागे राहते आणि सगळ्या तालुक्याची हाडं-सांधे चोळते. तिचं आणि माझं बावीस वर्षांचं हाडवैर. तिने चोळून चोळून उशीर केलेली कितीतरी मुलं माझ्या टेबलावर आलीत, आणि मी ते गावभर सांगितलेलं आहे.

डॉक्टर लोंतोक येऊन तीनच महिने झाले होते. मनिलाचा, गोरागोमटा, चष्म्यातून सारखा माफी मागत असल्यासारखा बघणारा. पण पोरगा हुशार. माझा कागद त्याने आठवड्यात पाठ केला होता. रिझालिन आत गेली तेव्हा दार उघडंच होतं. "पिलाय ना? तान्ह्यांचा? माहितीय मला," असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने झबल्याखाली नळी घातली, मुलीने टाहो फोडला, त्या रडण्यात जेवढं ऐकू येणार तेवढं आलं. "जराशी घरघर आहे," तो म्हणाला आणि पातळ औषधाची बाटली लिहून दिली. तीन दिवसांनी परत या.

जाताना रिझालिन माझ्या टेबलाशी पुन्हा थांबली. "मॅडम, लंगोट बदलताना फार ओरडते हो."

"तापात मुलं किरकिरणारच. औषध वेळेवर दे."

"बरं मॅडम."

ती गेली. घड्याळात आठ चाळीस झाले होते. ती वेळ मला अजून पाठ आहे.

साडेनवाच्या सुमारास मला काहीतरी टोचायला लागलं. काय ते कळेना. उठले, पाणी प्यायले, परत बसले. एका बाईच्या चिठ्ठीवर दुसरीचं नाव लिहिलं. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली. पंख्याचा आवाज नको झाला म्हणून बंद केला, तर लोक ओरडले, परत लावला. मनात सारखी पाल चुकचुकत होती आणि ती कुठे बसलीय ते काही सापडत नव्हतं.

अकराला नारळ उतरवणारा एक गडी आला. झाडावरून घसरला होता. "पिलाय," म्हणाला, आणि डाव्या हाताचं सुजलेलं मनगट उजव्या पंजात धरून उभा राहिला. मी चिठ्ठी पुढे केली. त्याने मनगट सोडलं नाही. "खिशात घाला मॅडम," म्हणाला, "हात सोडला की जीव जातो."

मी चिठ्ठी त्याच्या खिशात घातली आणि मला आठवलं.

रिझालिननेही हात सोडला नव्हता. सगळा वेळ तिचा एक तळवा त्या मुलीच्या डाव्या गुडघ्याखाली होता, कापडाच्या आतून. बोलताना, हसताना, सगळा वेळ. मी चिठ्ठी दिली तेव्हा तिने ती दुसऱ्या हातात घेतली, जाताना त्याच हातात औषधाची पिशवी घ्यायची म्हणून चिठ्ठी ओठांत धरली, पण तो तळवा काही काढला नाही. मी ते पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं आणि वर हसले होते.

आणि इसिंग! जिने बावीस वर्षांत एक मूल परत पाठवलं नाही, तिने हात लावला नाही म्हणजे काय? तिला अक्कल आली म्हणून? माझ्या अकलेचे काय दिवे लागले होते तेव्हा?

मी रांग तशीच सोडून आत गेले. "डॉक्टर, सकाळच्या त्या मुलीचा पाय बघितला होतात का?"

"कुठल्या मुलीचा?"

"दहा महिन्यांची. पिलायवाली."

"पाय? नाही. तुम्ही खोकला लिहिलं होतं ना मॅडम."

तो मला बोल लावत नव्हता. झालं ते सांगत होता. त्यामुळेच ते जास्त झोंबलं. मी त्याला तळव्याचं सांगितलं, लंगोटाचं सांगितलं, तसा तो उभाच राहिला.

"खुब्याच्या सांध्यात पू झाला असेल," तो म्हणाला. "जंतू रक्तातून सांध्यात जातात. मॅडम, त्यात एकेक तास महत्त्वाचा असतो. सांधा आतून कुरतडला जातो. फोन करा तिला."

"तिकडे रेंज नसते."

"मग?"

"मग काय, मीच जाते. तुम्ही रांग बघा."

दवाखान्याबाहेर बेर्तिंग आपल्या तीनचाकीत पेंगत होता. त्याला हलवून उठवला. पलीकडची होडी एकला सुटते, आता साडेअकरा. बाजार करायला आलेली माणसं दुपारपर्यंत कुठेही असू शकतात. बाजारात आम्ही दोन चकरा मारल्या. मासळीच्या रांगेत पाहिलं, कपड्यांच्या रांगेत पाहिलं, औषधाच्या दुकानात विचारलं. दर दुसरी बाई कापडात मूल बांधलेली दिसत होती आणि दर वेळी मी बेर्तिंगला थांबवत होते. बेर्तिंग म्हणाला, "मॅडम, इसिंगच्या घरात बघू का? परत तिच्याकडे गेली असेल." मला तिथे तोंड दाखवायचं नव्हतं. पण गेले.

म्हातारी दारात बसून सुकी मासळी भाजत होती. "आलीस का इनेंग," म्हणाली. त्रेपन्नाव्या वर्षी मला पोरी म्हणणारी गावात ती एकटीच. "बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात. काय मुरगळलं?"

"सकाळची ती पोरगी परत आलीय का इथे? तान्ही मुलगी घेऊन आलेली."

"नाही. तुझ्याकडेच पाठवली होती ना मी."

"लोला, तुम्ही तिला हात का लावला नाहीत?"

"लावला की. तेल लावलं, केळीचं पान छातीवरून फिरवलं. सरळ सरकलं, अडलं नाही. पोटावरून सरकलं. जांघेत आलं आणि पोर अशी किंचाळली की शेजारीण धावली. पान टाकून दिलं आणि बोट ठेवून पाहिलं. चुलीसारखं तापलेलं. पाय बाहेर टाकून पडलेली, सरळ करू देईना. हे चोळायचं दुखणं आहे होय? चोळलं असतं तर मारलीच असती मी तिला." तिने मासळी उलटली. "तिच्या आईला म्हटलं, हा वाऱ्याचा पिलाय नव्हे, हा खरा पिलाय. दवाखान्यात जाऊन असंच सांग. सांगितलं का तिने?"

"सांगितलं."

"मग?"

बावीस वर्षं ती ज्या संधीची वाट बघत असेल ती आयती तिच्या पुढ्यात आली होती. मी मान खाली घालून टोमण्याची वाट बघत राहिले.

"इथे काय उभी राहिलीस मग?" ती खेकसली. "होडी भरली की वेळेआधीच सोडतात मेले. पळ!"

धक्क्यावर पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता आणि होडी सुटलेली होती. फार नाही, हाकेच्या अंतरावर, इंजिन नुकतं धरलेलं. माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती, आणि मधोमध पाठमोरी ती, एका बाजूला कललेली. मी हाका मारल्या. बेर्तिंगने भोंगा दाबून धरला. इंजिनापुढे काय ऐकू जाणार! मी चपला काढल्या आणि पाण्यात शिरले. पांढरा युनिफॉर्म, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. हात हलवत, नाव घेत, घसा फुटेस्तोवर. धक्क्यावरचे हमाल हसत होते. दवाखान्याची नर्स खुळावली, असं एक जण मोठ्याने म्हणाला. म्हणू दे.

मागे बसलेल्या एका बाईने पाहिलं. तिने होडीवाल्याच्या दंडाला धरलं. होडी वळली.

रिझालिनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "औषध चुकीचं होतं का मॅडम? मी दोनदा दिलं."

"औषध राहू दे. पाय दाखव."

मी तिथेच, पाण्यात उभं राहून, कापड बाजूला केलं. डावा पाय बाहेरच्या बाजूला वाकवून पडलेला. उजवा हलत होता, डावा नाही. मी जांघेजवळ दोन बोटं टेकवली मात्र, मुलीने जो आवाज काढला तो ऐकून हमालांचं हसणं बंद झालं.

पुढचं सगळं धावपळीत गेलं आणि तरी मला वाटत होतं की कोणी हलतच नाहीये. डॉक्टर लोंतोकने पाय पाहिला आणि लगेच गाडी मागवली. अॅम्ब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन गेलेली, ती दोनला आली. तिथून कालापानपर्यंत, म्हणजे जिल्ह्याच्या गावापर्यंत, अडीच तास. वाटेत एक पूल एकेरी चालू होता, तिथे वीस मिनिटं. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि वेळ आठ चाळीसपासून मोजत होते. रिझालिनने मात्र एकदाही घड्याळ पाहिलं नाही. तळवा गुडघ्याखाली ठेवून ती सगळा रस्ता गुणगुणत होती.

कालापानच्या मोठ्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सुईने सांध्यातून पाणी ओढलं. पाणी कसलं, पिवळा दाट पू. "पाय कधीपासून हलवत नाही?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. परवापासून ताप, सकाळी आठला आमच्याकडे आणली, आई पिलाय म्हणाली, मी तो वाऱ्याचा पिलाय समजले, खोकला लिहिला, चूक माझी आहे, आईची नाही. डॉक्टरांशी बोलायच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत, घडाघडा. बाईंनी ऐकून घेतलं आणि हळूच मान हलवली. "पिलाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "या एका शब्दाने किती घोळ होतात!" तेसुद्धा इंग्रजीतच. रिझालिन माझ्या तोंडाकडे आणि त्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. मला वाटलं, एवढं मोठं ओझं मी उतरवून ठेवलं. खरंच हलकं वाटलं मला.

सहाला ऑपरेशन झालं. सांधा उघडून धुतला. बाईंनी बाहेर येऊन सांगितलं की जीवाचा धोका टळला, पायाचं मात्र ती चालायला लागेल तेव्हा कळेल. मी विचारलं, सकाळीच आणली असती तर? "दुखणं परवापासूनचं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाच तासांनी किती बिघडलं ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही." त्यांनी ते दिलासा म्हणून सांगितलं असेल. मी त्या वाक्याबरोबर वर्षभर झोपले आणि उठले.

दीड वर्षाने, जूनमध्ये, रांगेत मला रिझालिन दिसली. मुलगी तिचं बोट धरून चालत येत होती. चालत होती! पायऱ्या चढून आली. मग सपाटीवर आली आणि मला दिसलं की दर पावलाला तिचा डावा खांदा खाली जातो. डावा पाय बोटभर आखूड राहिला होता. दोघी माझ्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत मी तेवढंच बघत होते, दुसरं काही बघवत नव्हतं. उजवा हात मुलीने पोटाशी धरला होता, मनगट सुजलेलं.

"काय होतंय?" मी विचारलं.

रिझालिन ताठ उभी राहिली. हात जुळवून, चर्चमध्ये उभी राहते तशी. मग एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाली, "राइट रिस्ट. स्वेलिंग. पॉसिबल फ्रॅक्चर. नो फीव्हर, नो कफ."

मी विचारलं, "हे कुठून शिकलीस?"

"कालापानला तीन आठवडे होते ना मॅडम, तिथल्या नर्सने शिकवलं," ती लाजून म्हणाली. "मोडलं तर काय म्हणायचं, निखळलं तर काय, नुसतं मुरगळलं तर काय. सगळं पाठ केलंय. घरी रोज म्हणते. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हिचा पाय असा झाला. तुम्ही त्या बाईंना माझ्यासाठी किती समजावत होतात, मला दिसत होतं. पण त्या पिलाय म्हणून मान हलवत होत्या."

रांगेतलं कोणीतरी मागून, आटपा आता, असं म्हणालं. मी पेन खाली ठेवलं. उठून टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आमच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रिझालिन, तू नीट सांगितलं होतंस. चूक माझी होती. मी ऐकलं नाही."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. मीच लहान असल्यासारखी माझी समजूत घालायला लागली.

"असं नका म्हणू मॅडम," ती म्हणाली. "मी नुसतं पिलाय म्हटलं होतं."